निर्वासितांचा न सरणारा शोक : आघात आणि ताण यांच्याशी त्याचे नाते



जवळचे माणूस गेले की दुःख होते आणि काळाबरोबर त्याची धार कमी होते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. पण युद्धातून जीव वाचवून आलेल्या काही माणसांचा शोक तीस-पस्तीस वर्षांनंतरही पहिल्या महिन्यात होता तसाच राहतो. असे का होते? त्याला आजार म्हणावे का? समाजकार्याचे किंवा मानसशास्त्राचे विद्यार्थी म्हणून अशा व्यक्तीसमोर बसलात तर तुम्हाला काय ओळखता आले पाहिजे? या पाठात आपण एवढेच पाहणार आहोत.

उदाहरणासाठी तमिळनाडूतील श्रीलंकन तमिळ निर्वासित घेतले आहेत. हा भारतातील चार दशकांचा अनुभव आहे, आणि त्यात शोक, आघात आणि रोजचा ताण हे तिन्ही धागे स्पष्ट दिसतात. व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे, तंजावर-कुंभकोणम भागात मराठी घरे आहेत. त्यामुळे हा प्रदेश आपल्याला अगदी परका नाही.

साक्कोट्टैतील एक घर

साक्कोट्टै हे कुंभकोणमला दक्षिणेकडून लागून असलेले गाव. प्रलयात वाहत आलेल्या अमृतकुंभाची कथा या सगळ्या परिसराला जोडलेली आहे. साक्कोट्टैच्या अमृतकलशनाथ मंदिराच्या नावातही तो कलश आहे. या गावात प्रात्यक्षिकासाठी गेलेल्या विद्यार्थिनीला एक बाई भेटतात, अशी कल्पना करा. ही व्यक्ती खरी नाही. शिकवण्यासाठी हे उदाहरण रचले आहे. मात्र त्यातली प्रत्येक घटना या निर्वासितांच्या इतिहासात अनेकांच्या बाबतीत घडलेली आहे.

बाईंचे वय साठीच्या आसपास. १९९० साली, चोविसाव्या वर्षी, त्या मन्नारजवळच्या किनाऱ्यावरून रात्री होडीने निघाल्या. बरोबर चार वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. नवरा मागे राहिला. त्याच्या आईला घेऊन तो पुढच्या होडीने येणार होता. होडीवाल्याने सर्वांना धनुष्कोडीच्या अलीकडे समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर उतरवले आणि तो परत गेला. पहाटे पाणी चढले. मुलगा हातातून सुटला. दोन महिन्यांनी छावणीत निरोप आला की नवऱ्याला तपासणी नाक्यावर उतरवून नेले. त्यानंतर काहीच कळले नाही.

काही वर्षे छावणीत काढून बाई नातेवाइकांच्या ओळखीने साक्कोट्टैत भाड्याच्या खोलीत राहायला आल्या. मुलगी आता कुंभकोणममधल्या एका कापडदुकानात हिशेब लिहिते. बाई स्वयंपाक करतात, शेजारच्या मुलांना सांभाळतात, कोणाशी भांडत नाहीत. छातीत जड वाटते आणि श्वास पुरत नाही म्हणून दवाखान्यात जातात. दर वेळी ईसीजी ठीक येतो आणि ताकदीच्या गोळ्या मिळतात. पावसाळ्यात कालवा भरला की त्या मागचे दार उघडत नाहीत. ट्रंकेत नवऱ्याचा एक सदरा आहे. तो त्या वर्षातून दोनदा धुऊन इस्त्री करून ठेवतात.

आडी अमावास्येला, म्हणजे बहुधा आपल्या दिव्याच्या अवसेच्याच दिवशी, आजूबाजूची माणसे पितरांचे तर्पण करायला कावेरीच्या घाटावर जातात. त्या दिवशी मुलीने विचारले, “अम्मा, अप्पांसाठी एकदा गुरुजींना विचारू या का?” बाई म्हणाल्या, “जिवंत माणसाचं तर्पण करतात का?” आणि आठवडाभर त्या मुलीशी बोलल्या नाहीत.

हे घर डोळ्यासमोर ठेवा. पुढचे सगळे विवेचन त्यालाच धरून आहे.

पार्श्वभूमी

श्रीलंकेत जुलै १९८३ मध्ये तमिळविरोधी दंगली झाल्या. मे २००९ मध्ये युद्ध संपले. या काळात चार मोठ्या लाटांमध्ये माणसे पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून आली. १९८३ ते २०१२ या वर्षांत सरकारी नोंदीनुसार ३ लाखांहून अधिक जण भारतात आले. बरेचसे परत गेले. अलीकडच्या नोंदींप्रमाणे सुमारे ५८,००० जण तमिळनाडूतील शंभराहून अधिक छावण्यांत आणि सुमारे ३४,००० जण छावणीबाहेर, जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदणी करून, राहतात. आपल्या उदाहरणातील बाई या दुसऱ्या गटातल्या. २०२१ मध्ये राज्य सरकारने ‘निर्वासित छावणी’ हे नाव बदलून ‘पुनर्वसन छावणी’ असे केले आणि नवी घरे बांधायला घेतली. नाव बदलले तरी कायद्यातला दर्जा बदलला नाही. त्याकडे नंतर येऊ.

शोक विकार कधी ठरतो?

‘दीर्घकालीन शोक विकार’ हे निदान नवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ते आले आणि ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या सुधारित नियमावलीतही त्याला जागा मिळाली. दोन्हींचा गाभा एकच आहे. गेलेल्या व्यक्तीची तीव्र, न थांबणारी ओढ, किंवा मन सतत तिच्याच विचारात गुंतलेले असणे. त्यासोबत खोल वेदना, अपराधीपणा, राग, मृत्यू स्वीकारता न येणे, स्वतःचा एखादा भाग गळून पडल्यासारखे वाटणे, बधिरपणा, आयुष्याला अर्थ न उरणे. जागतिक संघटनेच्या व्याख्येत किमान सहा महिन्यांची मुदत आहे, तर अमेरिकन नियमावलीत मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची.

या निदानावर वाद झाला आणि तो होणे योग्यच होते. दुःखाला आजार ठरवून त्यावर गोळ्या विकल्या जातील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच दोन्ही व्याख्यांत एक अट आहे: शोकाची तीव्रता आणि मुदत त्या व्यक्तीच्या समाजात, संस्कृतीत, धर्मात जे अपेक्षित मानले जाते त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त हवी, आणि त्यामुळे जगणे अडलेले हवे. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण न करणारे कुटुंब आजारी नसते. नवऱ्याचा सदरा जपून ठेवणे हाही आजार नव्हे. तेवढ्यावरून निदान करणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करीन.

किती जणांना हा त्रास होतो? नैसर्गिक मृत्यूनंतर शोक करणाऱ्या प्रौढांवरील अभ्यास २०१७ मध्ये एकत्र करून पाहिले तेव्हा दहांतील साधारण एकाचा शोक असा अडकलेला आढळला. अपघात, आपत्ती, खून, आत्महत्या अशा अनैसर्गिक मृत्यूंनंतर हे प्रमाण २०२० च्या एका एकत्रित आढाव्यात जवळपास निम्म्यावर गेले. निर्वासितांवरील अभ्यासांच्या २०२० मधीलच आढाव्यात ते सुमारे एक तृतीयांश होते. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून फार काटेकोर तुलना करू नका. मोजपट्ट्या वेगवेगळ्या होत्या, माणसे निवडण्याच्या पद्धतीही वेगळ्या होत्या. मात्र मृत्यू कसा झाला याचा शोकावर मोठा परिणाम होतो, एवढा निष्कर्ष सुरक्षित आहे.

आघाताने रस्ता कसा अडतो

आता बाईंच्या दोन वियोगांकडे वेगवेगळे पाहा. मुलगा डोळ्यांदेखत गेला. नवरा नुसता आला नाही.

मुलाच्या बाबतीत शोकाबरोबर आघातही आहे. आघातोत्तर ताण विकाराची तीन मुख्य लक्षणे तुम्ही शिकला आहात: घटना आत्ताच घडते आहे असे पुन्हा पुन्हा अनुभवणे, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, आणि धोका अजून टळलेला नाही असे शरीराला वाटत राहणे. भरलेला कालवा दिसू नये म्हणून बंद ठेवलेले मागचे दार तुम्हाला इथे आठवायला हवे.

वरवर पाहता दोन्ही विकार सारखे वाटतात, कारण दोन्हींत नको असताना प्रतिमा मनात येतात आणि दोन्हींत माणूस काही ना काही टाळतो. फरक भावनेचा आहे. आघाताच्या केंद्रस्थानी भीती असते, शोकाच्या केंद्रस्थानी ओढ. आघात झालेला माणूस त्या क्षणापासून दूर पळतो. शोकातला माणूस गेलेल्याकडे धावतो. एकच व्यक्ती दोन्हींत अडकली की ती एकाच वेळी धावतही असते आणि पळतही असते.

बाईंना मुलगा आठवायचा आहे. त्याचे बोबडे बोल, त्याची भाताची खोड, धाकट्या बहिणीच्या पायांशी खेळणे, सगळे. पण त्याची कोणतीही आठवण काढली की वाट वाळूच्या त्या पट्ट्यापाशी जाते, पाणी चढते आणि हात सुटतो. म्हणून त्या आठवणच काढत नाहीत. शोक ओसरण्यासाठी जे व्हावे लागते, म्हणजे गेलेल्याचे आयुष्य पुन्हा पुन्हा मनात आणून हळूहळू ‘तो होता’ या वाक्यापर्यंत पोहोचणे, ते यामुळे घडतच नाही. चार वर्षांच्या आयुष्यावर शेवटच्या चार मिनिटांनी कब्जा केलेला असतो. मुलीला आपल्या भावाबद्दल काहीच सांगितले गेलेले नाही, हेही याचेच फळ.

अपराधीपणा हा दोन्ही विकारांना जोडणारा पूल. “मी त्याला डाव्या हाताला धरलं होतं, उजव्या हाताला धरायला हवं होतं,” असे वाक्य ऐकू आले तर ‘तुमची काही चूक नव्हती’ असे लगेच म्हणून मोकळे होऊ नका. बहुतेकांना ते आधी शंभरदा सांगून झालेले असते. त्या वाक्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. चूक आपली होती असे मानले तर निदान जग काही नियमाने चालते असे मानता येते. निव्वळ योगायोगाने मूल गेले, हे मान्य करणे त्याहून कठीण असू शकते.

दवाखान्यात जे सांगितले जाते ते सहसा शरीराबद्दल असते. जाफना येथे युद्धकाळात काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ दया सोमसुंदरम यांनी युद्धाच्या मानसिक परिणामांवर सविस्तर लिहिले आहे. तिथल्या रुग्णांची एक नेहमीची तक्रार ‘पेरुमूच्चु’, म्हणजे मोठा, खोल उसासा. आपल्याकडेही बाया ‘जीव घाबराघुबरा होतो’ म्हणतात. हा तक्रारीचा बहाणा नव्हे. दुःख सांगण्याची ती एक रूढ आणि सभ्य भाषा आहे. डॉक्टरांनी ईसीजी काढावाच. पण तो ठीक आला म्हणून तक्रार संपत नाही.

देह नाही, दिवस नाही

नवऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. इथे निदानाची पुस्तके चक्क अपुरी पडतात. दोन्ही व्याख्यांची पहिली अट आहे की जवळच्या व्यक्तीचा मृत्यू झालेला असावा. बाईंच्या लेखी नवरा मेलेलाच नाही. मग तीस वर्षांच्या या ओढीला काय म्हणायचे?

अमेरिकन संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात यासाठी एक संकल्पना मांडली. तिला आपण ‘संदिग्ध वियोग’ म्हणू. त्यांचे सुरुवातीचे काम व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबरचे होते. माणूस शरीराने नाही पण मनात पूर्णपणे हजर आहे, अशी ही अवस्था. शोक सुरू करावा तर विश्वासघात वाटतो, थांबावे तर आयुष्य जाते. बॉस यांचा मुख्य मुद्दा असा की दोष माणसाच्या मनात नसून परिस्थितीत आहे. न सुटणाऱ्या परिस्थितीत न सुटणारा शोक ही विकृती म्हणता येत नाही.

श्रीलंकेत बेपत्ता झालेल्यांच्या बायकांपुढे हा प्रश्न रोज आरशासमोर उभा राहतो: कपाळावर पोट्टु लावायचा की नाही? लावला तर शेजारी कुजबुजतात, न लावला तर आपणच त्याला मारल्यासारखे होते. मराठी घरात कुंकवाचा अर्थ ज्याला कळतो त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. उत्तर श्रीलंकेत बेपत्तांच्या आयांनी २०१७ मध्ये रस्त्याच्या कडेला बसून सुरू केलेली आंदोलने वर्षानुवर्षे चालली. त्यांची मागणी भरपाईची नव्हती. आमची माणसे कुठे आहेत ते सांगा, एवढीच होती.

कायदाही इथे चाचपडतो. श्रीलंकेत २०१० च्या कायद्याने वर्षभराहून अधिक काळ बेपत्ता असलेल्यांचे मृत्यू प्रमाणपत्र काढण्याची सोय केली. अनेक कुटुंबांनी ते घ्यायला नकार दिला, कारण सही केली की शोध संपला. २०१६ मध्ये दुरुस्ती करून ‘अनुपस्थितीचे प्रमाणपत्र’ आणले गेले. माणूस नाही एवढेच त्यात म्हटलेले असते, तो मेला असे म्हटलेले नसते. मला हे कागद मानसोपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटतात. पैशाचे, जमिनीचे व्यवहार मार्गी लागतात आणि बायकोला नवऱ्याच्या मृत्यूवर सहीही करावी लागत नाही.

आपल्या परंपरेला हा पेच ठाऊक होता, हे अनेकांना माहीत नसते. धर्मशास्त्रात बेपत्ता माणसासाठी पालाशविधी सांगितला आहे. ठरावीक मुदत वाट पाहायची (त्यात बारा वर्षांची मुदत सर्वांत प्रसिद्ध), मग पळसाच्या पानांची किंवा देठांची मानवाकृती करून तिचे दहन करायचे आणि पुढचे श्राद्धविधी करायचे. यातला पुढचा भाग जास्त रंजक आहे. तो माणूस नंतर परत आलाच तर काय, याचीही तरतूद ग्रंथांत आहे. त्याला तुपाने भरलेल्या कुंभात बुडवून, स्नान घालून, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करायचा. म्हणजे विधी करणाऱ्याला पुढे जायला वाव मिळतो आणि दारही कायमचे बंद होत नाही. बॉस ज्याला दोन परस्परविरोधी गोष्टी एकत्र धरणे म्हणतात, त्याची ही जुनी व्यवस्था होती. याचा अर्थ विद्यार्थ्याने जाऊन बाईंना हा विधी सुचवावा असा मुळीच नाही. मुलीने गुरुजींचे नाव काढल्यावर काय झाले ते आपण वाचले आहे.

विधी हुकणे ही निर्वासितांच्या शोकातली मोठी गोष्ट असते. जाफन्याच्या शैव तमिळांत एकतिसाव्या दिवशी अंत्येट्टीचा विधी होतो. अस्थी विसर्जनासाठी माणसे समुद्रकाठच्या कीरीमलै तीर्थावर जात. युद्धाच्या काळात तो परिसर लष्करी सुरक्षा क्षेत्रात गेला आणि तिथे मोकळेपणी जाणे बंद झाले. इकडे भारतात पाहा. ज्या रामेश्वरम-धनुष्कोडीच्या किनाऱ्यावर देशभरातून माणसे पितृकर्मासाठी येतात, त्याच किनाऱ्यावर हे लोक उतरले. त्यांच्या मृतांचे मात्र ना देह हाती होते, ना तिथी माहीत होती.

साक्कोट्टैपासून जवळच, कुंभकोणम शहरात, १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागून ९४ मुले गेली. त्या आईबापांचे दुःख कमी होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडे एक तारीख आहे, स्मारक आहे, मुलांची नावे आहेत, आणि दर वर्षी त्या दिवशी शहर त्यांच्याबरोबर उभे राहते. खटलाही चालला. वाळूच्या पट्ट्यावर गेलेल्या मुलाची नोंद कोणत्या देशाच्या कोणत्या वहीत आहे? सामुद्रधुनीच्या मधोमध झालेल्या मृत्यूला साक्षीदार असतात, दप्तर नसते.

रोजचा ताण

जुन्या पाठ्यपुस्तकांचा रोख असा असे की निर्वासिताचा त्रास मागे, युद्धात, आहे. छावणीत आला की तो सुरक्षित झाला. ऑस्ट्रेलियातील तमिळ आश्रयार्थी आणि निर्वासितांवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी हे चित्र बदलायला मदत केली. युद्धातील आघाताचा वाटा मोठा होताच, पण नव्या देशात आल्यानंतरच्या ताणाचाही, म्हणजे परत पाठवले जाण्याची भीती, काम न मिळणे, कुटुंबापासून दूर असणे, लक्षणांमध्ये स्वतंत्र वाटा होता.

तमिळनाडूत हा ताण कशाचा आहे? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचा समावेश नाही. जे इथेच जन्मले, इथेच शिकले, त्यांच्यापैकी अनेकांना सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाल्यानंतर सगळ्या निर्वासितांकडे संशयाने पाहिले गेले आणि छावण्यांवर निर्बंध वाढले. ठरावीक दिवशी हजेरी, बाहेर जायचे तर परवानगी, दहा बाय दहा फुटांच्या खोल्या, पातळ भिंती. सरकारकडून दरमहा रोख मदत आणि स्वस्त तांदूळ मिळत राहिला, मुलांना शाळा-कॉलेज मिळाले, हेही सांगितले पाहिजे. पण पातळ भिंतीच्या खोलीत मोठ्याने रडताही येत नाही.

याचा शोकाशी संबंध काय? मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये शोकाचे एक साधे प्रारूप मांडले. शोक करणारा माणूस लंबकासारखा दोन टोकांमध्ये फिरतो. कधी तो वियोगाकडे वळतो: रडतो, आठवतो, फोटो काढून बसतो. कधी जगण्याकडे वळतो: कामाला जातो, मुलांची फी भरतो, नवी ओळख बनवतो. हे येणे-जाणे चालू राहिले की शोक बरा होतो. निर्वासिताच्या बाबतीत दोन्ही टोके अडलेली असतात. वियोगाकडे वळावे तर आघात वाट अडवतो. जगण्याकडे वळावे तर उभे राहायला जमीन नसते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे उल्हासनगर आठवेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत राहिली. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांनी घरे, जमिनी, देवळे आणि भाषेचा मुलूख गमावला होता. पण संविधानाने त्यांना नागरिकत्व दिले, १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला, दुकान काढता आले, मत देता आले. त्यांचे दुःख हलके होते असे मी म्हणत नाही. त्या पिढीने ते बहुधा बोलूनच दाखवले नाही. एवढे मात्र खरे की त्यांच्या लंबकाचे दुसरे टोक मोकळे होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की नागरिकत्वाचा अर्ज भरायला मदत करणे हे मानसिक आरोग्याच्या कामाबाहेरचे समजू नका.

ताणाचे शारीरिक गणित थोडक्यात: उद्याची खात्री नसली की झोप मोडते, शरीर सावध राहते, आणि सावध शरीराला प्रत्येक आवाज जुन्या आवाजासारखा वाटतो. पोलीस ठाण्यातून नोंदणीसाठी बोलावणे आले की बाईंचे स्वप्न पुन्हा सुरू होते. नवीन काही घडलेले नसते. खाकी कपडे आणि नावाची हाक पुरेशी असते.

मदत करायची तर

शोकासाठी खास तयार केलेल्या उपचारांपैकी कॅथरीन शिअर यांची सोळा बैठकांची पद्धत सर्वांत अभ्यासलेली आहे. तिच्यात मृत्यूच्या प्रसंगाकडे आधार देत, पुन्हा पुन्हा, थोडे थोडे पाहिले जाते आणि शेजारीच पुढच्या आयुष्याची छोटी ध्येये ठरवली जातात. स्ट्रोब-शूट यांचा लंबक इथे ओळखू येईल. आघातासाठी जीवनकथेच्या आधारे करायचा उपचार आहे. त्यात माणूस आपले सगळे आयुष्य जन्मापासून क्रमाने सांगतो, म्हणजे भीषण प्रसंग इतर प्रसंगांमध्ये आपल्या जागी बसतो. श्रीलंकेच्या ईशान्य भागात त्सुनामीनंतर मुलांवर त्याची चाचणी झाली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला ध्यान आणि शिथिलीकरण शिकवले होते. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्यात ठळक फरक आढळला नाही. ही चाचणी आघाताच्या लक्षणांची होती, शोकाची नव्हे, हे विसरू नका. पण परक्या पद्धतीपुढे स्थानिक गोष्टी आपोआप कमी ठरतात असे समजणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

आपल्या उदाहरणात क्रम कसा लावाल? मुलाच्या बाबतीत आघात आणि शोक दोन्ही आहेत. तिथे आधी सुरक्षितता आणि झोप, मग प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने त्या रात्रीकडे जाणे, आणि त्यानंतर त्या रात्रीच्या अलीकडची चार वर्षे परत मिळवणे. मुलीला भावाबद्दल एक गोष्ट सांगता आली, तर ते मोठे पाऊल. नवऱ्याच्या बाबतीत ‘स्वीकार’ हे ध्येय ठेवूच नका. तो गेला असेल आणि नसेलही, ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणता येणे एवढे पुरे. तुमचे प्रशिक्षण पूर्ण झालेले नसेल, तर प्रसंगाच्या तपशिलात शिरू नका. ऐका आणि योग्य ठिकाणी पाठवा.

एक काम मात्र पहिल्या भेटीतच तुमच्या हातात असते. संस्थेच्या माहितीपत्रकात एक रकाना असतो: विवाहित, अविवाहित, विधवा, विभक्त. पोलीस ठाण्यातल्या नोंदणीतही तो असतो, दवाखान्यातही असतो, आणि बाईंनी गेल्या तीस वर्षांत तो कितीदा कोणाकडून भरून घेतला असेल याची कल्पना करा. वयावरून आणि एकटेपणावरून अंदाज बांधून तिथे खूण करू नका. रकाना मोकळा ठेवा. त्या स्वतः जो शब्द वापरतील तो, मग तो ‘मन्नारला आहेत’ असा असला तरी, अवतरणचिन्हांत जसाच्या तसा लिहा.